तिसऱ्यांचे चाउडर आणि मोरीत गेलेले पाणी

बॉस्टनला बहिणीकडे गेले असताना बंदराजवळच्या एका लहानशा उपाहारगृहात मी क्लॅम चाउडर पहिल्यांदा खाल्ले, आणि तेव्हापासून ते घरी करून पाहायचे मनात होते. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेतल्या बॉस्टनच्या भागातले, हे शिंपल्यांचे सूप दुधाचे, पांढरे, बटाट्याच्या फोडी घातलेले असते. मॅनहॅटन नावाचे दुसरे चाउडर टोमॅटोचे, तांबडे. आणि हा टोमॅटो उत्तरेकडच्या लोकांना इतका खुपतो की १९३९ साली मेन राज्यात चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यावर कायद्याने बंदी आणण्याचा प्रस्ताव आला होता. कालवणात कोकम घालायचे की चिंच, यावरून आमच्याकडे होणारे वाद त्यामानाने सौम्यच म्हणायचे.

गेल्या रविवारी कोळणीकडून तिसऱ्यांचे, म्हणजे आपल्याकडच्या लहान शिंपल्यांचे, दोन वाटे घेतले आणि इंटरनेटवर सापडलेली, भारतीय स्वयंपाकघरासाठी सोपी केलेली म्हणून दिलेली पाककृती समोर ठेवली. सासूबाईंचा विरोध होताच. दूध आणि मासळी हा विरुद्ध आहार, हे चरकसंहितेपासून आमच्या मालवणी घरापर्यंत सर्वांना मान्य आहे. "कर बाई तुला हवं ते, मला आमटी-भात पुरे," एवढेच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या भरपूर पाण्यात २० मिनिटे उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे, असे पाककृतीत लिहिले होते. इथे माझा हात थबकला. एकशिपी, म्हणजे एका शिंपेसकट तिसऱ्यांचे कालवण, करताना विळीवर तिसरी उघडली की आतले पाणी ताटात धरायचे, रेव तळाशी बसू द्यायची आणि वरचे निवळलेले पाणी कालवणात घालायचे, हे मी लग्नाच्या आधीपासून करत आले आहे. तरीही लिहिलेल्या शब्दाचा मान राखून ते करडे, किंचित दुधट पाणी मी मोरीत ओतले, तेव्हा सगळ्या स्वयंपाकघरात समुद्राचा वास पसरला. तो वास नंतर पातेल्यात काही आला नाही.

वीस मिनिटांचे गणितही परके होते. तिकडे चाउडरला वापरतात ते क्वाहॉग जातीचे मोठे शिंपले चिवट असतात, म्हणून ते बारीक चिरून शिजवतात. आपली तिसरी वाफेवर तीन-चार मिनिटांत तोंड उघडते आणि त्यानंतर नुसती आकसत जाते. माझ्या हाती आले ते खोडरबराचे कण.

पुढे लोणी, कांदा, तीन मोठे चमचे मैदा, दोन कप दूध आणि 'बे लीफ'. मी डब्यातले तमालपत्र टाकले. तिकडचे बे लीफ वेगळ्याच झाडाचे. आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले, आणि गरम दुधात ते उकळले की जो वास सुटतो तो थेट खिरीचा. मुलाने पहिला चमचा तोंडात घातला आणि अगदी निरागसपणे विचारले, "आई, साखर घालायची राहिली का?" मैद्यामुळे सूप इतके दाटले होते की चमचा त्यात उभा राहिला असता. यजमानांनी बटाटे वेचून खाल्ले.

सुदैवाने अर्ध्या वाट्याच्या तिसऱ्या, शिंपा सहज उघडाव्यात म्हणून, फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे विळीवर उघडल्या, आतले पाणी मलमलच्या फडक्यातून गाळले, त्यात थोडे साधे पाणी मिसळून बटाटा शिजवला, लोण्यावर परतलेला कांदा आणि मिरपूड घातली आणि तिसऱ्या अगदी शेवटी सोडून तीन मिनिटांत गॅस बंद केला. मीठ घालावेच लागले नाही. दूध मात्र हात आखडून वगळले. सकाळची खीर अजून डोक्यात होती.

सासूबाईंनी एक वाटी घेतली, मग भाताबरोबर आणखी अर्धी मागून घेतली. रात्री बहिणीला फोनवर हे सांगितले, तर ती म्हणाली की ऱ्होड आयलंडचे लोक अगदी असेच करतात, दूध नाही की टोमॅटो नाही, नुसते शिंपल्यांचे निवळ पाणी, आणि त्यालाही चाउडरच म्हणतात.