बाघची लेणी: चित्रं नाहीत, तरी जाच

इंदूरहून धार, टांडा, मग बाघ. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण साडेतीन तास धरा आणि पेट्रोल धारलाच भरून घ्या. लेणी गावात नाहीत. सात किलोमीटर पुढे बाघिनी नदीच्या दरीत आहेत.

आम्ही सहाला पोहे-जिलबी खाऊन निघालो. आत्याला खास इथली जुनी भित्तिचित्रं दाखवायला नेलं होतं. चौथ्या लेण्यात, रंगमहालात, ती चारी भिंती बघून म्हणाली, “अरे, चित्रं कुठायत?” महत्त्वाची बरीचशी चित्रं १९८२ साली भिंतीवरून काढून ग्वाल्हेरला गुजरी महालाच्या संग्रहालयात नेलीत. हे मी निघण्याआधी वाचायला हवं होतं. १९२१ साली चित्रकार नंदलाल बोस इथे येऊन चित्रांच्या नकला करून गेले. तेव्हा हा मुलूख शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होता. आता दिसतात ते पुसट डाग.

खरा वेळ द्या दुसऱ्या लेण्याला. लोक त्याला पांडव गुंफा म्हणतात, पण आहे तो बौद्ध विहार. बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, मागे गाभाऱ्यात स्तूप आणि त्याच्याअलीकडे भिंतीत बुद्धमूर्ती. आत मिट्ट काळोख. माझ्या मोबाइलची बॅटरी तिथेच मान टाकून बसली, म्हणून सांगतो, चांगली टॉर्च न्याच. उजेड तिरपा पाडलात तर मूर्तींच्या वस्त्राच्या कडा उठून दिसतात, समोरून पाडलात तर नुसता दगड.

दगड ठिसूळ वालुकाश्माचा. खांबांच्या पायाशी पिठीसारखी रेती साठलेली असते, तेव्हा हात लावू नका. मूळच्या नऊ लेण्यांपैकी चार जवळपास गेलीच. काही ठिकाणी छत तोलायला नवे खांब बांधलेत. दिसायला ओबडधोबड, पण त्यांच्यामुळेच आपण आत उभे राहतो.

वालुकाश्माच्या वरच्या थरांत चुनखडी आहे, गोटेगोटे असलेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र घुसला होता, त्याचा हा गाळ. आत्याकडे पोह्यांवरचं अर्धं लिंबू उरलं होतं. रस्त्याकडेच्या एका दगडावर ओरखडा काढून तिने ते पिळलं, तर बारीक फेस आला, म्हणजे चुनखडीच! त्यावर ती चित्रांचं विसरली. शिंपल्यांचे ठसे सापडले तर बघा, फोटो काढा, पण उचलून आणू नका.

जेवण बाघलाच. दाल-पानिये मिळाले तर सोडू नका: पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानिये, धुराचा वास असलेले.

नंतर कापडावर नक्षी छापणाऱ्या खत्री मंडळींचे छापखाने. लाकडी ठशांनी लाल-काळी नक्षी उमटते आणि मग कापड धावड्याच्या फुलांबरोबर अलिझरीन या लाल रंगात उकळतात. तीनला निघा, नाहीतर थंडीत धारच्या अलीकडेच अंधार पडतो. आम्ही पाचला निघालो, कारण आत्याला दोन चादरींपैकी एक ठरवता येईना. शेवटी दोन्ही घेतल्या.