अठरा वर्षं आणि एक दिवस

परवा आमच्या चिरंजीवांना अठरा पूर्ण झाली. ऐटीत मतदार यादीचा फॉर्म भरला आणि पाठोपाठ, "आई, माझे मोजे कुठेत?"

मी डोंबिवलीहून लोकलने येताजाता जर्मन भाषांतराची कामं उरकते. त्या दिवशी हातात नेमका युरोपीय न्यायालयाचा १ ऑगस्ट २०२२ चा निकाल. एकटं आलेलं अल्पवयीन मूल निर्वासित ठरलं, की युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार आईवडिलांना त्याच्याकडे येता येतं. पण काही सीरियन आईबापांना जर्मनीने व्हिसा नाकारला. का, तर मधल्या काळात पोरं अठराची झाली! दिरंगाई कागदांची, शिक्षा आईला.

न्यायालय म्हणालं, मुलाने आश्रयाचा अर्ज केला त्या दिवशीचं वय धरा. मूल सज्ञान झालं म्हणून आईवडिलांचा राहण्याचा हक्क संपत नाही. परवाना किमान वर्षाचा हवा. एकाच घरात राहायची अटही नाही. अधूनमधून भेटी आणि नियमित संपर्क एवढंही पुरू शकतं. (पुण्याच्या हॉस्टेलवरून रविवारीच फोन करणाऱ्या माझ्या पुतणीला हे कळू नये.)

आपल्याकडे असं भांडायचं तर कशाच्या आधारावर? भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही.

'फोलयेरिश'ला मी 'सज्ञान' लिहिलं. जर्मन शब्द नुसता वर्षं मोजतो, आपला थेट ज्ञानच देऊन टाकतो. घाटकोपर येईपर्यंत मोजेच आठवत होते.