नंदुरबारचा गोळीबार आणि गव्हर्नरची वाढलेली मुदत

९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी गोळीबारात हुतात्मा झाले. तेव्हा मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते सर रॉजर लम्ली. त्यांनी सूत्रे घेतली १८ सप्टेंबर १९३७ला. म्हणजे पाच वर्षे भरायला नऊच दिवस उरले होते. तरी ते गेले नाहीत. २४ मार्च १९४३ला जॉन कोलव्हिल आले, तोवर तेच राहिले.

पाच वर्षे हा रिवाज होता. नेमणूक राजाच्या सहीने व्हायची आणि सल्ला लंडनच्या भारतमंत्र्याचा असायचा, त्यामुळे मुदत वाढवायची की नाही हेही तिकडेच ठरे. १९३७ला मतदान केलेल्या खानदेशच्या मतदाराला यात कुठेच जागा नव्हती. त्यातही १९३९च्या अखेरीस खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९३५च्या भारत सरकार कायद्याच्या ९३ कलमाखाली सगळा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला, जोडीला फक्त त्यांनीच नेमलेले सल्लागार. मंत्रिमंडळ असताना गव्हर्नरला सहा महिने वाढवून देणे वेगळे आणि विधिमंडळ गप्प असताना देणे वेगळे. १९४२ला वाढली ती एकहाती सत्ता.

युद्धकाळात माणूस बदलायचा नाही, हा लंडनचा कल आधीपासून दिसतो. विलिंग्डन एप्रिल १९१३ ते डिसेंबर १९१८ मुंबईचे गव्हर्नर होते, म्हणजे पाच वर्षे आठ महिने. व्हाइसरॉय लिनलिथगोंची पाच वर्षे एप्रिल १९४१ला भरली, पण ते ऑक्टोबर १९४३पर्यंत राहिले.

मग संकट आले की मुदत वाढे, असा नियम धरायचा का? नाही. छपन्नाच्या (संवत १९५६च्या) दुष्काळात खानदेश होरपळत होता, आणि ऐन त्या फेब्रुवारी १९००मध्ये मुंबईचे गव्हर्नर सँडहर्स्ट आपली पाच वर्षे पुरी करून गेले, नॉर्थकोट आले. युद्धात खुर्चीवरचा माणूस हलवायचा नाही, दुष्काळात हलवला तरी चालतो! सरकारला कशाची काळजी होती ते यातून उघड कळते.

जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एक काळजी जरूर घ्यावी. गव्हर्नरांच्या यादीत ‘१९३७–४३’ एवढेच छापलेले असते, त्यावरून वाढ दिसत नाही. सूत्रे घेतल्याची तारीख शोधायची, नेमणूक जाहीर झाल्याची नव्हे. या दोहोंत बोटीच्या प्रवासाचे अंतर असते. सूत्रे घेतल्याच्या तारखेत पाच वर्षे मिळवून सूत्रे सोडल्याच्या तारखेशी ताडायचे. मध्ये हंगामी गव्हर्नर दिसला म्हणून मुदत तुटली असे धरू नये. १९२४च्या कायद्याने गव्हर्नरला पद न सोडता रजेवर मायदेशी जाता येऊ लागले. १९३१ला फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटेंनी ज्या हॉटसनवर गोळी झाडली, ते असेच हंगामी होते. मूळचे गव्हर्नर साइक्स रजेवर होते. साइक्स डिसेंबर १९२८ला आले आणि डिसेंबर १९३३ला गेले. रजा धरूनच बरोबर पाच वर्षे, एक महिनाही वाढ नाही.

पश्चिम खानदेशचे सप्टेंबर १९४२ ते मार्च १९४३ या काळातले अटकेचे, दंडाचे, बंदीचे हुकूम वाचताना १८ सप्टेंबर १९४२ ही तारीख शेजारी लिहून ठेवावी. तिच्यानंतरचे सगळे वाढीव मुदतीत निघालेले आहेत.