मिल लॅक्सच्या बर्फावर: आधी पहार, मग गळ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासेमारी करायला गेलो होतो. मासे किती मिळाले ते येईलच पुढे, पण लिहायचं आहे ते बर्फाबद्दल. पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण विचारतो, "बर्फ किती जाड हवा?" चालण्यासाठी चार इंच, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर, हे उत्तर कोणीही देतं. ते चार इंच तळ्यावर नेमके कुठे मोजायचे, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

तळं मिनिआपोलिसच्या उत्तरेला साधारण १६० किलोमीटरवर आहे, १६९ क्रमांकाचा महामार्ग थेट त्याच्या पश्चिम काठानं जातो. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर, पण सर्वांत खोल जागा जेमतेम तेरा मीटर. अशा ऐसपैस पाण्यावर वारा सतत लाटा उठवत राहतो, त्यामुळे आडोशाच्या खाड्या आधी गोठतात आणि मधला भाग बऱ्याच दिवसांनी. म्हणजे काठाजवळचा बर्फ आणि दोन किलोमीटर आतला बर्फ यांचं वयच वेगळं. काठावर उभं राहून सगळं एकसारखं पांढरं दिसतं, तिथेच माणूस फसतो.

आदल्या संध्याकाळी काठावरच्या रिसॉर्टला फोन केला. हे लोक रोज बर्फ तपासतात, त्यावरचे रस्ते आखतात, मोठ्या भेगांवर चक्क छोटे पूल टाकतात. फोनवर "बर्फ चांगला आहे का?" असं विचारू नका. कुठून कुठपर्यंत तपासलाय, पायी की गाडीनं, आणि काल वारा कुठल्या दिशेचा होता, हे विचारा. आम्हाला सांगितलं गेलं: फक्त पायी, खुणेच्या काठ्यांच्या आत, आणि दक्षिणेकडच्या भेगेपलीकडे नाही. गाडी काठावर ठेवली आणि सामान स्लेडवर लादून ओढत नेलं.

पुढे चालणाऱ्याच्या हातात पहार. माझा सहकारी इथलाच, लहानपणापासून बर्फावर वावरलेला. तो प्रत्येक दोन-तीन पावलांना पहार जोरात आपटत चालला होता. घट्ट बर्फावर टणत्कार होतो आणि बारीक चुरा उडतो. आवाज बोदा आला किंवा टोक एक-दोन घावांत आरपार गेलं, तर तिथून आल्या पावली मागे. शिवाय दर ४०-५० मीटरवर ऑगरनं, म्हणजे बर्फाच्या मोठ्या गिरमिटानं, भोक पाडून माप घ्यायचं. टेपचं टोक भोकातून खाली सोडायचं, बर्फाच्या खालच्या कडेत अडकवायचं, वर ओढून आकडा वाचायचा.

तिसऱ्या की चौथ्या भोकाशी गुडघे टेकून आत पाहिलं, तेव्हा हे सगळं नीट उमगलं. भोकाच्या भिंतीत दोन थर स्वच्छ दिसत होते. वरचा तीन इंच दुधाळ, बुडबुड्यांनी भरलेला. खालचा पाच इंच काचेसारखा, त्यातून पाण्याचा काळा रंग दिसणारा. एकूण आठ. पण दुधाळ बर्फ ओला हिम पुन्हा गोठून होतो आणि त्याची ताकद साधारण निम्मीच धरतात. म्हणजे हिशेब दीड अधिक पाच, साडेसहा इंच. पायी चालायला भरपूर, मोटारीला अजिबात नाही. हेच माप कोणी नुसतं "आठ इंच" म्हणून सांगितलं असतं तर?

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे, म्हणजे डीएनआरचे, आकडे असे: चालायला ४ इंच, स्नोमोबाइलला (हिमावर चालणाऱ्या मोटरगाडीला) ५ ते ७, लहान मोटारीला ९ ते १०, मध्यम ट्रकला १३. हे सगळे नव्या, पारदर्शक बर्फासाठी. दुधाळ असेल तर दुप्पट. आणि पूर्ण सुरक्षित बर्फ असा नसतोच, हे तेच खातं बजावून सांगतं.

थंडी कडाक्याची आहे म्हणून बर्फ जाड असेल, हा अंदाज हमखास चुकतो. वर हिमाचा जाड थर बसला की तो गोधडीचं काम करतो आणि खालचा बर्फ वाढायचा थांबतो. ओढा जिथे तळ्यात येतो ती जागा, पुलाखालची अरुंद वाट, तळातले झरे, लव्हाळ्यांचा पट्टा, खांबांच्या कडा, इथे बर्फ कायम पातळ. उलट बर्फ गरजतो त्याला घाबरू नका. संध्याकाळी तापमान उतरलं आणि पायाखालून लांबवर घुमणारा आवाज गेला. बर्फ आकसताना असा बोलतोच. त्या आवाजावरून काहीच ठरवता येत नाही, ना धोका ना खात्री.

खरा शत्रू वारा. २०२२च्या नोव्हेंबरअखेर याच राज्यातल्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा भलामोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून जास्त लोक त्यावर अडकले. सगळे सुखरूप परतले. हंगामाच्या सुरुवातीला वारा काठाकडून आत वाहत असेल, तर जाडी पुरेशी असूनही मी जाणार नाही.

अंगावर काय हवं? लाइफ जॅकेट, बुटांना खिळ्यांचे पट्टे, आणि गळ्यात अडकवलेले बर्फात रोवायचे दोन टोकदार दांडके. बॅगेत ठेवलेले दांडके शून्य कामाचे. पाण्यात पडलात तर पहिला एक मिनिट धापा आवरण्यात जातो. त्यानंतर हातपाय धड चालतात ते जेमतेम दहा मिनिटं. आलात त्याच दिशेला तोंड करा, तो बर्फ निदान तुमचं वजन पेलून गेलेला असतो. दांडके रोवा, पाय मारत पोटावर सरका, आणि बाहेर आलात तरी उभे राहू नका, लोळत लांब जा. सोबत्यानं जवळ धावायचं नाही, दोर फेकायचा.

मासेमारीचं थोडक्यात. इथे सगळे येतात वॉलआयसाठी. हा मासा अंधुक उजेडात उत्तम पाहतो, म्हणून दुपारभर काही घडलं नाही तर वैतागू नका. आम्ही पाचेक मीटर पाण्यावर भोकं पाडली, झाऱ्यानं चुरा काढला आणि सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडे बघत बसलो. साडेचारच्या सुमारास सूर्य टेकला आणि आमिषाच्या रेघेखाली दुसरी जाड रेघ उगवली. गळ सावकाश वर उचलला की ती मागोमाग वर येते. थांबला की तीही थांबते. अर्ध्या तासात दोन वॉलआय आणि काही पर्च मासे आले. मग सगळं एकदम गप्प.

परवाना आधीच काढा. या राज्यात बर्फावर माणशी दोन गळ चालतात. मिल लॅक्सवर वॉलआय किती आणि केवढे ठेवता येतील याचे नियम वेगळे असतात आणि बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी पाहाच. तंबूत हीटर लावणार असाल तर झरोका उघडा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत. यात तडजोड नको. निघताना कचरा उचलायचा, आणि भोकांजवळ खूण रोवायची, म्हणजे मागून येणाऱ्याचा पाय जायचा नाही.

वर दिलेले आकडे भर हिवाळ्याचे आहेत. मार्चमध्ये जायचं म्हणत असाल तर फूटभर बर्फावरही भरवसा टाकू नका. उन्हानं तो आतून उभ्या कांड्यांमध्ये सुटा होत जातो आणि काठाशी आधी वितळतो, त्यामुळे सकाळी आत गेलेल्याला दुपारी परत येताना काठाशी उघडं पाणी लागू शकतं. पहारीच्या घावाला अशा कांड्या निघाल्या, तर टेप काढायची गरजच नाही. सामान गाडीत टाका.