तुम्ही विचारलंत म्हणून: पळणार नाही, चालेल

वाचनालयात किंवा एसटीत माझा दहा इंची लॅपटॉप पिशवीतून निघाला की शेजारचा विचारतोच, "हा अजून चालतो?" आणि लगेच पुढे, "आमच्याकडेही एक माळ्यावर पडलाय. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं तर पळेल का हो?"

पळणार नाही. चालेल.

माझा 2009 सालचा. अ‍ॅटम एन270 प्रोसेसर, 1 जीबी रॅम, आत विंडोज एक्सपी. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचे अपडेट बंद झाले आणि पुढची विंडोज त्याला जड जात होती. तेव्हा डेबियन टाकलं, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. फुकट होतं आणि यंत्र धडधाकट होतं, एवढंच. मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहावा, बदलावा, वाटावा अशा सॉफ्टवेअरवर, भाषण द्यायला मी नंतर शिकलो.

पहिला दिवस वाईट गेला. वायफाय लागेना. त्या वायफाय चिपचं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, मुक्त नव्हतं, म्हणून डेबियन ते सोबत देत नव्हतं. ते नेटवरून उतरवायचं, आणि नेट येणार वायफायवरून. दोर विहिरीच्या तळाशी! शेवटी शेजाऱ्यांच्या राउटरला लॅनची वायर लावून त्यांच्या दिवाणखान्यात फतकल मारून बसलो. 2022 मध्ये डेबियनच्या मंडळींनी मतदान घेऊन असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं. 2023 च्या 12 व्या आवृत्तीपासून ते येतं, त्यामुळे तुमच्यावर बहुतेक ही वेळ येणार नाही. वायर मात्र जवळ ठेवा.

दुसरा छळ पडद्याचा. उंची 600 पिक्सेल. सेटिंगची खिडकी उघडली की "ओके"चं बटण पडद्याच्या खाली, जणू तळघरात. ऑल्ट दाबून ठेवून माउसने खिडकी कुठूनही धरून वर ओढता येते, हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर टॅबची कळ मोजून दाबत एंटर मारत होतो, आणि दोनदा "कॅन्सल"वर पडलो.

खर्च दोनच. रॅम 2 जीबी केली (त्याहून जास्त ते घेतच नाही) आणि हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी बसवली. खरा फरक एसएसडीने पडला. डेस्कटॉप एक्सएफसीई हा हलका ठेवलाय. झेडरॅम चालू केलंय, म्हणजे रॅममधला सध्या न लागणारा मजकूर रॅममध्येच दाबून, घडी घालून ठेवला जातो. ब्राउझरमध्ये दोन टॅब ठीक, तिसऱ्याला दम लागतो. व्हिडिओ पाहायचा असेल तर फोन आहेच.

मग यावर करतो काय? लिहितो. भाषांतराचं माझं बहुतेक काम याच्यावरच होतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची प्रमाण मांडणी, डेबियनमध्ये आधीच असतो, फक्त सेटिंगमध्ये निवडायचा. आधी फोनेटिकवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे, लिहायचो तेव्हा "वाऱ्या"तला ऱ्य दर वेळी वेगळा रुसायचा. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य. पंधरा दिवस बोटं अडखळली, नंतर विचारही करावा लागला नाही. टाइप करताना कोपऱ्यातून काही वर येत नाही, मध्येच "रीस्टार्ट करू का" विचारत नाही. अपडेट मी म्हणेन तेव्हा.

आता अडचण सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. एन270 हा 32 बिटांचा, म्हणजे जुन्या पिढीचा प्रोसेसर; नंतरचे 64 बिटांचे. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32 बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) दोन्ही नाहीत. म्हणून मी 12 व्या आवृत्तीवरच थांबलोय. तिचे दीर्घ मुदतीचे सुरक्षा अपडेट जून 2028 पर्यंत आहेत.

तेव्हा माळ्यावरचा खाली काढलात की आधी प्रोसेसरचं नाव बघा. एन450 सारखा 64 बिटांचा निघाला तर सरळ 13 टाका. एन270 निघाला तर 12. आणि चार्जर शोधून ठेवा. माझी बॅटरी गेल्या पावसाळ्यातच गेली, त्यामुळे वाचनालयातही मी भिंतीलगतचीच खुर्ची पकडतो.