जुना ड्रायव्हर आणि चार कोअर

पुण्यात एका एम्बेडेड कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. सेन्सरची रीडिंग्ज घेणारं एक पीसीआय कार्ड होतं, त्याचा ड्रायव्हर (कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, राहून कार्ड चालवणारा कोड) लिनक्स २.४ च्या काळातला, नंतर २.६ वर आणलेला, सिंगल कोअर बोर्डवर वर्षानुवर्षं मुकाट चालत होता. तो बोर्ड बाजारात मिळेना म्हणून क्वाड कोअर घेतला आणि रीडिंग्जमध्ये कचरा यायला लागला, कधी जुनीच व्हॅल्यू परत तर कधी मधली सॅम्पल्स गायब. क्रॅश नाही, लॉग स्वच्छ, म्हणजे सगळ्यात वैतागवाणा प्रकार.

हार्डवेअरवाले सॉफ्टवेअरकडे बोट दाखवणार, आम्ही केबलकडे, हे ठरलेलंच. शेवटी कर्नलला एकच कोअर देऊन बूट केलं आणि रात्रभर चालवलं, तर सकाळी डेटा एकदम चोख. म्हणजे रेसच, दोन कोअर एकाच वेळी एकाच डेटाला हात लावत होते.

कोडमध्ये रिंग बफरला (रीडिंग्ज साठवणाऱ्या गोल रांगेला) हात लावायच्या आधी फक्त लोकल इंटरप्ट (कार्ड सीपीयूला मारतं त्या हाका) बंद केले होते. ते बंद होतात स्वतःच्या कोअरवरचे! रीड कॉल (प्रोग्रॅमने डेटा मागितला की चालणारा कोड) कोअर २ वर चालू असताना कोअर ० वर हँडलर (इंटरप्ट आला की चालणारा कोड) खुशाल येतो आणि दोघं बफरमधल्या सॅम्पल्सचा एकच काउंट वाचून, बदलून, परत लिहितात, त्यात एकाचा बदल उडतो. गंमत म्हणजे मूळ लेखक चुकला नव्हता, २.४ मध्ये सीएलआय (इंटरप्ट बंद करणारा कॉल) म्हटलं की सगळ्याच सीपीयूंवरचे इंटरप्ट थांबायचे. २.५ मध्ये ते काढलं, आणि पोर्ट करणाऱ्याने कंपाइल व्हावं म्हणून त्याजागी लोकलवालं फाइंड-रिप्लेस मारलं होतं.

मॅनेजर म्हणाले, इंटरप्ट एका कोअरला बांधा आणि पाठवून द्या. म्हटलं, मग वाचणारा प्रोग्रॅमही तिथेच बांधावा लागेल, आणि क्लायंटने उद्या दुसरा प्रोग्रॅम चालवला की पुन्हा तेच. नाइलाजाने वेळ दिला.

ज्युनिअरने विचारलं, "सर, दोन्हीकडे साधा स्पिनलॉक चालेल ना?" स्पिनलॉक म्हणजे असं कुलूप, की मोकळं होईपर्यंत दुसरा तिथेच फिरत वाट बघतो. म्हटलं, लावून बघ. या शोधात लॉकडेप (कर्नलमधला लॉक तपासणारा चेकर) चालू केलं होतं, त्याने बोर्ड अडकायच्या आधीच लॉगमध्ये बोंब मारली, कारण रीडने लॉक धरलेला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला तर हँडलर लॉकची वाट बघत फिरत राहणार आणि रीडला पुढे जायला सीपीयूच मिळणार नाही. म्हणून रीडमध्ये इंटरप्ट बंद करून लॉक घेणारा आयआरक्यूसेव्हवाला प्रकार. तो लावल्यावर दुसरी वॉर्निंग, लॉक धरून कॉपी टू यूजर (प्रोग्रॅमच्या मेमरीत डेटा टाकणं) चाललंय, तिथे पेज फॉल्ट आला (मेमरीचं पान जागेवर नसलं) तर झोपावं लागेल, आणि स्पिनलॉक धरून झोपणं चालत नाही. मग आधी छोट्या बफरमध्ये कॉपी, लॉक सोडायचा, नंतर यूजरला द्यायचं.

लॉकडेप २००६ पासून कर्नलमध्ये आहे, आणि आमच्या डेव्हलपमेंट बोर्डवर ते या भानगडीपर्यंत बंद होतं. का, तर म्हणे सिस्टिम स्लो होते.