युलियानेचा ओढा आणि आमचे व्हाळ

रानात एकटे सापडल्यास काय करावे असे शाळकरी मुलांना विचारले, तर आग पेटवणे, झोपडी बांधणे, शिकार करणे अशी उत्तरे हमखास येतात. युलियाने कोप्के हिने यांतले काहीच केले नाही.

२४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूमध्ये वादळात विमान हवेतच मोडले आणि सतरा वर्षांची ही मुलगी आसनाला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर खाली ॲमेझॉनच्या जंगलात कोसळली. त्या अपघातातून ती एकटीच वाचली. सोबत असलेली आईही गेली. गळ्याजवळचे हाड मोडलेले, चष्मा हरवलेला, पायात एकच सँडल आणि खायला गोड गोळ्यांची पिशवी, एवढ्यावर ती अकरा दिवस तगली. तिच्या धैर्याचे कौतुक सगळेच करतात, पण मला तिचे शिक्षण अधिक महत्त्वाचे वाटते. आईवडील प्राणिशास्त्रज्ञ असल्यामुळे ती त्यांच्या जंगलातील संशोधन केंद्रात राहिली होती, आणि वाहते पाणी धरून गेल्यास माणसे भेटतात हे वडिलांकडून शिकली होती. शोधाला आलेली विमाने दाट झाडीतून आपल्याला पाहू शकणार नाहीत हे उमगल्यावर तिने ओढा धरला. पुढे होआत्झिन पक्ष्यांचा आवाज कानी पडला, तेव्हा हे पक्षी मोठ्या पाण्याजवळ घरटी करतात हे ठाऊक असल्याने नदी जवळ आली हे तिने ओळखले. दंडावरच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. नदीकाठी सापडलेले पेट्रोल ओतून तिने त्या बाहेर काढल्या. पुढे तिथल्याच झोपडीत लाकूडतोड्यांना ती सापडली.

गोव्यात वाळपईला राहणारा माझा दहावीतला भाचा हे ऐकून म्हणाला, "मामा, म्हणजे म्हादईच्या रानात चुकलो तर आपणही व्हाळ धरूनच खाली यायचे ना?" व्हाळ म्हणजे आमच्याकडचा ओढा.

प्रश्न रास्त होता, उत्तर मात्र नकारार्थी द्यावे लागले. युलियानेच्या जंगलातली जमीन बरीचशी सपाट, तर आमच्या सत्तरी तालुक्यातले घाटातले व्हाळ कड्यावरून थेट खाली झेपावतात. शेवाळलेल्या खडकावर पाय घसरला की संपले, आणि पावसाळ्यात वर कुठेतरी सर कोसळली तरी खाली पाणी बघता बघता चढते. शिवाय युलियानेला शोधणारे आकाशात होते. इथे गावकरी आणि वनरक्षक पायवाटांनीच शोधत येतात. म्हणून वाट चुकल्याचे लक्षात येताच जागा सोडू नये, शिट्टी वाजवत राहावे आणि अंधारात पाऊल उचलू नये, असे मी त्याला सांगितले. अर्थात कुठे जातो आणि कधी परतणार हे घरी सांगितलेले नसेल, तर शोधायला तरी कोण येणार? भाच्याला नेमकी हीच अट जाचक वाटते.